ऑफिसचा ट्रॅव्हल प्लॅन कसा बनवायचा: हिंजवडी, खराडी, चाकणवाल्यांसाठी

हिंजवडीच्या ट्रॅफिकचा विषय निघाला की बोलणं लगेच फ्लायओव्हर, रिंगरोड आणि मेट्रोवर जातं. ते सगळं हवंच आहे, पण त्याला वर्षं लागतात आणि तोपर्यंत रोज सकाळी भूमकर चौकात आणि वाकड ब्रिजखाली माणसं अडकतातच. मला इथे वेगळं लिहायचंय. ऑफिस किती वाजता भरतं, पार्किंग कुणाला मिळतं, कंपनीची बस कुठून सुटते, बसस्टॉपच्या बाजूचं गेट उघडं असतं की बंद, हे सगळं कंपनीच्या स्वतःच्या हातात असतं, त्याला टेंडर लागत नाही की भूसंपादन लागत नाही. हे सगळं एकत्र बसून, लिहून काढून ठरवलं की झाला ट्रॅव्हल प्लॅन. मी ॲडमिनचं काम करते आणि उदाहरणं पुण्याच्या बाजूची देतेय, पण ठाणे-बेलापूर रोड असो, नाशिकचं सातपूर-अंबड असो की नागपूरचं मिहान, पद्धत हीच चालते.

आधी एक साधा हिशोब करून बघा, मॅनेजमेंटपुढे जाताना हाच कामी येतो. समजा ३०० माणसं एकेकटी कारने आली, तर एका लेनमध्ये गाडीला गाडी लागून उभी केली तरी, पुढेमागे सोडलेली जागा धरून एका गाडीला साडेसहा मीटर लागतात, म्हणजे जवळपास दोन किलोमीटरची रांग झाली. तीच ३०० माणसं ४५ सीटच्या सात बसमध्ये बसतात आणि सात बसची रांग १०० मीटरच्या आसपास होते. आणि आपली गाडी नुसती रस्ताच अडवत नाही, दिवसभर उभी राहायलाही जागा खाते. आपल्याकडच्या पार्किंगच्या नियमांत बेसमेंटमधल्या एका कारला रॅम्प आणि वळायची जागा धरून साधारण ३२ चौरस मीटर धरतात, म्हणजे ८० गाड्यांचं बेसमेंट २५६० चौरस मीटर, साडेसत्तावीस हजार स्क्वेअर फूट. तुमच्या भागातल्या ऑफिसच्या भाड्याच्या दराने याची किंमत काढा. हा आकडा फायनान्सवाल्यांनी एकदा बघितला की पुढचं बोलणं बरंच सोपं होतं, कारण फुकट पार्किंग फुकट नसतं, त्याचे पैसे कंपनी भरत असते आणि ती सोय फक्त कारवाल्यांना मिळते, बसने येणाऱ्याला त्यातलं काहीच नाही.

आता कामाला लागू. पहिलं काम म्हणजे कोण कुठून आणि कधी येतं याची यादी. बहुतेक ठिकाणी एचआर सिस्टीममधून पिनकोड काढतात आणि त्यावर नकाशा बनवतात, पण तेवढ्याने भागत नाही, ४११०५७ या एका पिनमध्ये हिंजवडीही आहे आणि वाकडही, आणि सकाळी नऊ वाजता या दोन जागांमध्ये काय अंतर असतं ते तिथे राहणाऱ्यालाच विचारा. शिवाय सिस्टीममधला पत्ता बऱ्याचदा गावाकडचा असतो. म्हणून छोटा सर्व्हे घ्या, मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्हीत, दोन-तीन मिनिटांत भरून होईल असा. घराचा पूर्ण पत्ता मागू नका, त्याची गरजच नाही, जवळचा बसस्टॉप किंवा चौक विचारा, डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे आणि त्याच्याही आधी, माणसं पूर्ण पत्ता द्यायला बिचकतात आणि मग फॉर्मच भरत नाहीत. घरातून किती वाजता निघता, किती वाजता पोचता, कशाने येता हे तर विचाराच, पण त्याबरोबर असंही विचारा की पाऊस असला की कशाने येता, वाटेत मुलाला शाळेत किंवा पाळणाघरात सोडता का, परत जाताना कुठे थांबता, आणि कारने येत असाल तर काय बदललं की कार घरी ठेवाल. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. लोक त्याला खरी उत्तरं देतात, "संध्याकाळी सातनंतर परत जायला काही मिळत नाही" असं जेव्हा चाळीस जण लिहितात तेव्हा तुमचा अर्धा प्लॅन तिथेच लिहून झालेला असतो.

इथे एक गोष्ट मला जोर देऊन सांगायचीय. यादीत हाउसकीपिंग, सिक्युरिटी, कॅन्टीन, बागकाम, पॅन्ट्री यांची माणसं घ्याच. ती कॉन्ट्रॅक्टरच्या पटावर असतात म्हणून एचआरच्या यादीत येत नाहीत आणि मग कंपनीच्या बसमध्येही त्यांना जागा नसते. पण रोज बसने, शेअर रिक्षाने आणि पायी येणारी माणसं सगळ्यात जास्त तीच असतात, सकाळी सहा-सातला हजर होणारीही तीच, आणि पगाराच्या मानाने येण्याजाण्यावर सगळ्यात जास्त खर्च त्यांचाच होतो. त्यांना ऑनलाइन फॉर्म पाठवून उपयोग नाही, शिफ्ट बदलताना गेटवर उभं राहून तोंडी विचारा, कागदावर लिहून घ्या. मावशी, दादा म्हणून दोन मिनिटं बोललात की कुठल्या स्टॉपवर कुठली बस कधीच थांबत नाही ही माहिती त्यांच्याकडूनच मिळते.

यादी आली की ती नकाशावर टाका. गूगलचा माय मॅप्स पुरतो, महागडं सॉफ्टवेअर नको. एका रंगात साडेआठच्या आत येणारे, दुसऱ्यात साडेआठ ते दहा, तिसऱ्यात त्यानंतरचे. मग त्यावर मेट्रो स्टेशनं, लोकलची स्टेशनं आणि पीएमपीचे, म्हणजे पुण्याच्या सिटी बसचे (पीएमपीएमएल), मुख्य रूट काढा. पुण्यात आज मेट्रोच्या दोन लाइन चालू आहेत, पीसीएमसी ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी, दोन्ही सिव्हिल कोर्टला भेटतात. मार्च २०२२ मध्ये छोट्या तुकड्यांनी सुरुवात झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत गेली. लोणावळा लोकल विसरू नका, तळेगाव, देहूरोड, आकुर्डी, चिंचवड या पट्ट्यातल्या लोकांना ती सगळ्यात स्वस्त पडते, फक्त दुपारी तिच्या फेऱ्या कमी असतात त्यामुळे दुपारच्या शिफ्टवाल्यांना तिचा भरवसा देता येत नाही. नकाशा तयार झाला की माणसांचे झुबके आपोआप दिसतात, कोथरूड-बावधनचा एक, पिंपरी-चिंचवडचा एक, औंध-पाषाण-बाणेरचा एक, आणि ऑफिसपासून पाच किलोमीटरच्या आत राहणारे पण तरी कारने येणारे, यांचा एक. हा शेवटचा झुबका हिंजवडीत चांगलाच मोठा असतो, वाकड, मारुंजी, माण, पुनावळे. यांना बस नकोय, यांना नीट फूटपाथ, सायकल सुरक्षित ठेवायला जागा आणि ऑफिसात एक शॉवर हवाय.

मग वेळ. माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर फरक पाडणारं काम हेच. ऑफिसची वेळ लवचिक आहे असं पॉलिसीत लिहिलेलं असतं, पण टीमची रोजची मीटिंग साडेनऊला असते, म्हणजे सगळे आठलाच घरातून निघणार. कॅलेंडर काढून बघा, नऊ ते साडेदहामध्ये किती मीटिंग आहेत ते मोजा, आणि प्रत्येक टीमच्या मॅनेजरला सांगा की समोरासमोरच्या मीटिंग अकरा ते चार या वेळात घ्या. काही टीम साडेसातला येऊन साडेचारला जायला तयार असतात, विशेषतः लहान मुलं असलेले, त्यांना ती मुभा लेखी द्या, नाहीतर लवकर निघणाऱ्याकडे लोक बघत राहतात आणि चार दिवसांत ते बंद पडतं. हायब्रिड असेल, म्हणजे काही दिवस घरून आणि काही दिवस ऑफिसातून काम, तर हेही बघा की सगळ्यांचे ऑफिसचे दिवस मंगळवार-बुधवार-गुरुवारच आहेत का. सोमवार-शुक्रवार बेसमेंट रिकामं आणि बुधवारी गाड्या रस्त्यावर असं असेल तर टीमप्रमाणे दिवस वाटून घ्या. आणि शेजारच्या कंपनीशी बोला! तुम्ही नऊचं साडेआठ केलंत आणि शेजारच्यांनी साडेनऊचं साडेआठ केलं तर मिळून काहीच साधलं नाही.

पार्किंगवर हात घातला की आवाज चढतात, त्यामुळे ते सर्व्हेचे आकडे हातात आल्यावर करा. पदाप्रमाणे पार्किंग देणं बंद करून गरजेप्रमाणे द्या, म्हणजे आधी अपंग कर्मचारी, गरोदर बायका, रात्रीच्या शिफ्टवाले, मग तीन किंवा जास्त जण मिळून येणाऱ्या गाड्या, मग बाकीचे. अशा कारपूलच्या गाड्यांना लिफ्टजवळची जागा द्या, लोकांना हे फार आवडतं. जो पार्किंग सोडेल त्याला महिन्याला काही रक्कम द्यायची असंही करता येतं, कॅलिफोर्नियात १९९२ पासून यासाठी कायदाच आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहराने तर २०१२ पासून ११ किंवा जास्त पार्किंग जागा असणाऱ्या कंपन्यांवर वर्षाचा करच लावला आणि तो पैसा ट्रामकडे वळवला. आपल्याकडे असा कर नाही, पण कंपनीच्या आत तुम्ही तेच तत्त्व लावू शकता, पार्किंगचे घेतलेले पैसे शटलला, म्हणजे स्टेशन ते ऑफिस फेऱ्या मारणाऱ्या बसला. रोख भत्ता देताना पगाराच्या टॅक्सचा विचार करा, १६०० रुपयांच्या ट्रान्सपोर्ट अलाउन्सची जुनी सवलत २०१८ च्या बजेटनंतर सर्वसाधारण कर्मचाऱ्यांसाठी गेली आणि त्याऐवजी स्टँडर्ड डिडक्शन आलं. पण कंपनीने घर ते ऑफिस आणण्या-नेण्यासाठी वाहन पुरवलं तर कर्मचाऱ्याला त्यावर टॅक्स लागत नाही, म्हणून तेच पैसे बसवर घातलेले जास्त फायद्याचे पडतात. सीएला एकदा विचारून घ्या.

बसबद्दल. कंपनीची बस फसते ती दोन कारणांनी, एक म्हणजे ती प्रत्येकाच्या सोसायटीच्या दारात जायला बघते आणि दुसरं, अर्ध्या सीट रिकाम्या जातात कारण नाव सगळ्यांनी दिलंय पण येत कोणी नाही. रूट असा आखा की पहिल्या माणसाला ऑफिसात पोचायला सव्वा तासापेक्षा जास्त लागू नये, स्टॉप थोडे आणि मोठ्या रस्त्यावर ठेवा, दहा मिनिटं चालत यायला लोक तयार असतात पण आत गल्लीबोळात वीस मिनिटं फिरायला नसतात. सीट महिन्याच्या महिन्याला बुक करायची, थोडे का होईना पैसे घ्या, आणि सलग न येणाऱ्याची सीट पुढच्याला द्या. परतीच्या किमान तीन फेऱ्या ठेवा, साडेपाच, साडेसहा आणि आठ असं काहीतरी, कारण सकाळची बस माणूस पकडतो तो संध्याकाळी परत जायची खात्री असेल तरच. तुमच्या एकट्याच्या कंपनीत एवढी माणसं नसतील तर त्याच इमारतीतल्या नाहीतर शेजारच्या कंपनीबरोबर बस शेअर करा. सिक्युरिटीचं कारण पुढे येतं, पण बस गेटच्या बाहेर थांबली आणि प्रत्येकजण आपल्या गेटवर कार्ड दाखवून आत गेला तर त्यात अडचण कसली.

मेट्रो किंवा मोठ्या बसस्टॉपपासून ऑफिसच्या दारापर्यंतचा शेवटचा तुकडा हा सगळ्या प्लॅनचा कमकुवत भाग असतो, कारण माणूस चाळीस मिनिटं मेट्रोत आरामात बसतो आणि शेवटचे दोन किलोमीटर रिक्षावाल्याशी घासाघीस करतो, आणि तिसऱ्या दिवशी परत टू-व्हीलर काढतो. खराडीत असाल तर रामवाडी स्टेशनपासून शटल चालवा, भोसरी एमआयडीसीत असाल तर नाशिक फाटा स्टेशन बघा, हिंजवडीसाठी आज पीसीएमसी स्टेशनवरून डांगे चौक मार्गे किंवा वनाजवरून चांदणी चौक मार्गे. शटलचं टाइमटेबल मेट्रोच्या वेळेला बांधा, "दर अर्ध्या तासाने" एवढंच लिहून चालत नाही. आणि स्वतः चालून बघा, स्टॉपपासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंत, भर उन्हात एकदा आणि पावसात एकदा, लॅपटॉपची बॅग घेऊन. फूटपाथ कुठे तुटलाय, विजेचा डीपी बॉक्स कुठे आडवा आलाय, दिवे कुठे नाहीत, कुत्री कुठे असतात हे फोटोसकट लिहा. बऱ्याच कॅम्पसमध्ये स्टॉपच्या अगदी समोर मागचं गेट असतं आणि ते कायम बंद असतं, माणसं वळसा घालून मेन गेटने येतात. ते गेट सकाळी दोन तास आणि संध्याकाळी तीन तास उघडायला एक गार्ड लागतो, बस.

कारपूलसाठी ॲप लागतंच असं नाही, स्टॉपप्रमाणे व्हॉट्सॲप ग्रुप केले तरी चालतं, पण दोन नियम लिहून द्या. पहिला, पेट्रोलचा आणि टोलचा खर्च वाटून घ्यायचा, कमाई करायची नाही, कारण पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीतून भाडं घेऊन माणसं नेणं परमिटशिवाय चालत नाही आणि अपघात झाला तर इन्शुरन्सही अडतो. दुसरा, आणि यावरच सगळं टिकतं: पूलने किंवा बसने आलेल्या माणसाला अचानक घरी जायची वेळ आली, मूल आजारी पडलं, मीटिंग लांबली, पूलवाला निघून गेला, तर कंपनी आपल्या खर्चाने कॅब देईल. ही हमी वापरणारे फार थोडे असतात, पण ती आहे म्हणून कार घरी ठेवणारे खूप असतात.

रात्रीचं वेगळं बघा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात महिला कर्मचाऱ्यांना त्यांच्या संमतीनेच काम देता येतं आणि ऑफिसपासून घराच्या दारापर्यंत वाहन द्यावंच लागतं. इथे मघाशी सांगितलेला मोठ्या रस्त्यावरच्या स्टॉपचा नियम लागू नाही, दारापर्यंत म्हणजे दारापर्यंत, आणि त्या आत गेल्यावरच गाडी हलेल हे ड्रायव्हरला लेखी सांगा. साडेनऊच्या आधी सुटणाऱ्या, म्हणजे साडेआठ-नऊला निघणाऱ्या बायकांचं काय, हा प्रश्न कायद्यात बसत नाही पण प्लॅनमध्ये बसायलाच हवा.

आता ऑफिसच्या बाहेरचं. इथे लोक थकतात, कारण नक्की कुणाकडे जायचं तेच कळत नाही. हिंजवडीचंच घ्या: आयटी पार्कच्या आतले रस्ते एमआयडीसीचे, हिंजवडी-माण-मारुंजी या ग्रामपंचायती, त्यावर प्रादेशिक नियोजन पीएमआरडीएचं (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), हायवे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत, बाणेर-बालेवाडी पुणे महापालिकेत, बस पीएमपीएमएलची, ट्रॅफिक पिंपरी-चिंचवड पोलिस आयुक्तालयाकडे. म्हणून एकच पत्र सगळ्यांना पाठवू नका, प्रत्येकाला त्याच्या अखत्यारीतली एकच मागणी लिहा. पीएमपीला "बस वाढवा" असं लिहून काही होत नाही, "अमुक चौकातून सकाळी साडेसात ते सव्वाआठ या वेळात आमच्या सहा कंपन्यांचे इतके लोक येतात, यातल्या इतक्यांनी बसने यायची लेखी तयारी दाखवलीय, सोबत स्टॉपप्रमाणे तक्ता" असं लिहा, मग त्यांना फेरी भरेल की नाही ते ठरवता येतं. तुमच्या आकड्यांवर शेजारच्या कंपन्यांचे आकडे जोडा, असोसिएशनच्या लेटरहेडवर द्या, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून निघू नका. चालू असलेल्या बस कुठे आहेत ते "आपली पीएमपीएमएल" ॲपवर दिसतं, बस वेळेवर येत नसेल तर दोन आठवडे त्याचे स्क्रीनशॉट ठेवा, नुसत्या तक्रारीपेक्षा ते जास्त चालतात.

मोठ्या प्लॅनमध्येही तुमचा आवाज जायला हवा. विकास आराखडा, मोबिलिटी प्लॅन हे जेव्हा हरकती-सूचनांसाठी येतात तेव्हा सोसायट्या लिहितात, बिल्डर लिहितात, शेतकरी लिहितात, पण रोज लाखभर माणसं बाहेरून जिथे आणली जातात त्या कंपन्या क्वचितच लिहितात. हिंजवडी ते शिवाजीनगर ही मेट्रोची तिसरी लाइन बघा, डिसेंबर २०१८ मध्ये भूमिपूजन झालं, साधारण २३ किलोमीटर, २३ स्टेशनं, ट्रायल रन जुलै २०२५ मध्ये सुरू झाल्या. ही लाइन मेगापोलिस सर्कलपासून फेज टू, शिवाजी चौक, वाकड, बालेवाडी, बाणेर, विद्यापीठ करत येते, म्हणजे कितीतरी ऑफिसच्या दारावरून जाते. तुमच्या गेटपासून सगळ्यात जवळचा जिना कुठे उतरतो, तिथून मध्ये रस्ता ओलांडायला काय सोय आहे, बस आणि रिक्षा कुठे थांबणार, हे पीएमआरडीएला आत्ताच लेखी विचारा, जिने आणि फूटपाथ एकदा पक्के झाले की बदलत नाहीत. लोकांनाही आधीच सांगून ठेवा, मेट्रो सुरू होण्याच्या आठवड्यात ऑफिसात स्टॉल लावून मेट्रोचं वन पुणे कार्ड काढून द्या, नवीन सवय पहिल्या पंधरा दिवसांतच लागते किंवा लागत नाही.

प्लॅन एकदा लागू केला की मोजत राहा, आणि मोजणी सोपी ठेवा. महिन्यातून एका ठरलेल्या बुधवारी गेटवर सकाळी आठ ते साडेदहा किती कार, त्यात किती माणसं, किती टू-व्हीलर, किती बसने, किती पायी, एवढंच एका वहीत. सगळ्या कारमधल्या माणसांची संख्या भागिले कारची संख्या, हा एक आकडा वर सरकतोय का ते बघा. पूर्ण सर्व्हे वर्षातून दोनदा करा, एकदा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, तेव्हा शाळाही सुरू झालेल्या असतात आणि पाऊसही असतो, आणि एकदा जानेवारीत. दिवाळीच्या किंवा गणपतीच्या आसपास अजिबात घेऊ नका, ते आकडे कशालाच लागू पडत नाहीत. आणि या सगळ्याला कंपनीत एक नाव असलेला माणूस ठेवा, कमिटी नको, ज्याच्या कामाच्या यादीत हे लिहिलंय आणि ज्याचा फोन नंबर बसमध्ये, गेटवर आणि कॅन्टीनच्या दारावर लावलाय.